बावीस

विलेपार्ले, मुंबई

चि. सानिका, अनेक आशीर्वाद.

काल तू भात नुसता चिवडत होतीस, तेव्हाच ओळखलं काहीतरी बिनसलंय. रात्री म्हणालीस, "सरांनी मला हाताला धरून शिकवलं, आता ते सांगतात तो टेस्टचा खोटा आकडा लिहिणार नाही असं कसं सांगू?" मी गप्प बसले. उत्तर द्यायचं तर आधी माझंच सांगावं लागलं असतं.

मी साइटवर लागले तेव्हा बाई इंजिनिअर ऑफिसात ड्रॉइंगच्या घड्या घालायला असायची. साहेबांनीच मला हेल्मेट देऊन स्लॅबवर चढवलं. एकदा एम-२०चे, म्हणजे ताकद वीस हवी अशा काँक्रीटचे, क्यूब (नमुन्याचे ठोकळे) २८ दिवसांनी मशीनमध्ये फुटेपर्यंत दाबले, तर तिन्ही सोळाच्या आसपास. साहेब म्हणाले, "बावीस लिही, बिल अडकलंय." लिहिलं. त्यांचं मीठ खाल्लं होतं ना!

ती इमारत पडली नाही, धडधाकट उभी आहे. पण बस तिथून जाते तेव्हा माझी नजर कॉलमवर जाते, अजूनही.

चीड याची येते की खोटं लिहायची गरजच नव्हती. क्यूब फेल झाला म्हणजे कॉलम फेल असं थोडंच आहे? क्यूब नीट कुटला नसेल, पाण्यात ठेवला नसेल. आयएस ४५६ मध्ये, काँक्रीटच्या आपल्या मानकात, वाट दिलेली आहे: कोअर काढा, म्हणजे उभ्या बांधकामातूनच गोल नमुना कापून तपासा. सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के भरली आणि एकही ७५च्या खाली नसला, तर काँक्रीट स्वीकारता येतं. मला हे तेव्हाही पाठ होतं. "साहेब, कोअर काढू" म्हटलं असतं तर बिल लांबलं असतं, ओरडा बसला असता, इतकंच. पण रजिस्टरला बावीस असताना कोअर कोण काढणार?

सीएसएमटीजवळचा हिमालय पूल आठव. ऑडिटच्या कागदावर तो किरकोळ दुरुस्तीचा होता. १४ मार्च २०१९ ला संध्याकाळच्या गर्दीत कोसळला.

उद्या सरांना एकटं गाठ. चारचौघांत नको. कोअरचं बोल आणि तेच त्या दिवशीच मेलवर लिहून पाठव. नाहीच ऐकलं तर कन्सल्टंटला कळवावं लागेल, पण सरांना सांगून, त्यांच्या पाठीमागे नाही. खोट्या आकड्यावर सही मात्र करू नकोस.

घराच्या हप्त्याचं मी बाबांशी बोलले आहे, दोन-चार महिने आम्ही सांभाळू. बावीसचं त्यांना अजून माहीत नाही. आज चहाच्या वेळी सांगेन म्हणते.

तुझी,
आई