वॅटमीटरवाल्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण समोर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता.

घरच्या सिनेमा-फोटोंसाठी सर्व्हर लावायचा म्हणून तुम्हाला बोलावलं, तेव्हा माझं सगळं ठरलेलं होतं. एका ऑफिसातून निघालेला जुना रॅक सर्व्हर, इंटेलचे दोन झिऑन प्रोसेसर (सर्व्हरसाठीचे), आठ डिस्कची जागा, आणि जवळजवळ फुकट. तुम्ही फक्त "वा" म्हणायचं होतं. तुम्ही पिशवीतून वॅटमीटर काढलात, सॉकेटला लावलात, सर्व्हर चालू केलात आणि पंख्यांची बोंब खाली येईपर्यंत शांत बसलात. काहीही काम न करता आकडा ११० वॅटवर थांबला. रात्रंदिवस चालला तर वर्षाचे ९६० च्या वर युनिट. "फुकट आलाय खरा, पण रोज जेवणार आहे," एवढंच म्हणालात.

मग विचारलंत, "बघणार कोण, आणि कशावर?" मला वाटलं, हार्डवेअर घेताना हा काय प्रश्न! पण सगळी निवड त्यातूनच निघाली. हॉलमधला टीव्ही एचईव्हीसी फाइल (जास्त दाबून लहान केलेला व्हिडिओ) स्वतः उलगडतो. सर्व्हरने ती नुसती पुढे सरकवायची, त्याला कुठलाही प्रोसेसर चालतो. आईच्या जुन्या टॅबलेटला मात्र ते जमत नाही, म्हणजे चालू सिनेमातच ट्रान्सकोडिंग आलं, सर्व्हरने व्हिडिओ टॅबलेटला कळेल अशा रूपात बदलून द्यायचा. शिवाय ब्लू-रेची सबटायटल्स चित्ररूप असतात. समोरच्या उपकरणाला ती दाखवता आली नाहीत, तर सर्व्हरला ती प्रत्येक फ्रेमवर छापून द्यावी लागतात, म्हणजे पुन्हा ट्रान्सकोडिंग. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या झिऑनमध्ये व्हिडिओचं काम उचलणारं ग्राफिक्सच नव्हतं, त्यामुळे हे काम ते धापा टाकत करणार. २०२३ साली आलेला इंटेलचा छोटा एन१०० प्रोसेसर तेच क्विक सिंकवर, म्हणजे त्याच्यातल्या व्हिडिओसाठीच्या खास भागावर, सहज करतो. त्याची उणीवही तुम्हीच सांगितलीत: डिस्क जोडायचे साटा पोर्ट मुळात दोनच, जास्त हवे तर बोर्डवर वेगळा कंट्रोलर लागतो. मला दोन पुरेसे होते. आज दोन डिस्कसकट सगळं मिळून २० वॅटच्या आसपास घेतं.

दहा गिगाबिट नेटवर्कचं माझं खूळ तर तुम्ही एका वाक्यात उतरवलंत. फोर-के ब्लू-रे सेकंदाला दीडशे मेगाबिटच्या आतच वाहते, साध्या गिगाबिटच्या वायरीत ती सहज मावते. ईसीसी रॅमवर (स्वतःच्या चुका पकडून सुधारणाऱ्या मेमरीवर) मात्र आपलं अजून जमत नाही. मला ती हवी होती, असो.

डिस्कचं वेगळं सांगायला हवं. मी घेणार होतो ती एसएमआर निघाली, हे तुम्ही मॉडेल नंबरावरून शोधलंत. तिच्यात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, आणि बिघडलेली डिस्क बदलून मिरर (दोन डिस्कवर तोच डेटा ठेवणारी जोडी) नव्याने भरताना हे फार रखडतं. मग एक्स्टर्नल डिस्कच्या केसमधून काढलेल्या दोन सीएमआर डिस्क (पट्टे एकमेकांवर न चढणाऱ्या) घेतल्या, तर त्यातली एक फिरेचना. मी ती मेली म्हणून बाजूला ठेवली होती. तुम्ही कॅप्टॉन टेपची (वीज न वाहणाऱ्या चिकटपट्टीची) बारीक पट्टी कापलीत, चिमट्याने पॉवर कनेक्टरच्या पहिल्या तीन पिनांवर बसवलीत, आणि डिस्क घुं करून सुरू झाली. नव्या साटामध्ये तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंदच राहते, हे तेव्हा कळलं. ती पट्टी अजून तिथेच आहे.

पण हे पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. "मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, तिसरी डिस्क वेगळी ठेव," असं तुम्ही तीनदा बजावलंत, आणि तिसऱ्यांदा मी वैतागून हो म्हटलं. महिनाभराने फोल्डर आवरताना बाबांचे सगळे फोटो उडवले. मिररने आज्ञाधारकपणे दोन्ही डिस्कवरून ते पुसले. कपाटातल्या तिसऱ्या डिस्कवर मात्र ते होते. आईला यातलं काही माहीत नाही. ती परवा टॅबलेटवर तेच फोटो बघत बसली होती.

तुमचा वॅटमीटर माझ्याकडेच राहिलाय. सध्या फ्रिजला लावलाय, रविवारी आणून देतो.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा