परुळकरांचे पलायन : भिंत, सुई आणि बंद पडलेले स्टेशन

संपादक महोदय,

१९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती सापडून तिथल्या छावणीतून पळालेले वैमानिक, ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर यांचे ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात निधन झाले. त्यानंतर त्यांच्यावर जे छापून आले, त्यात वादळी रात्र होती, भिंतीला पाडलेले भोक होते आणि 'चित्रपटात शोभेल असे' हे शब्द तर हमखास होते. भोक केवढे होते, विटांचे काय करायचे होते आणि अफगाणिस्तानची सरहद्द जेमतेम सात-आठ किलोमीटरवर आली असताना बेत फसला कशाने, हे मात्र सहसा कुठे नसते. म्हणून हे पत्र.

आधी पदकांबद्दल. कौतुकाच्या भरात कुणी त्यांना वीरचक्र देऊन टाकते. त्यांच्या नावापुढे होते 'व्हीएम' आणि 'व्हीएसएम', म्हणजे वायुसेना पदक आणि विशिष्ट सेवा पदक. मार्च १९६३ मध्ये ते हवाई दलात दाखल झाले आणि पहिले पदक १९६५ च्या युद्धातले. शत्रूच्या गोळीबारात विमानाला मार बसला, उजव्या खांद्याला जखम झाली. तुकडीप्रमुखाने उडी घेण्याचा सल्ला दिला, तरी ते विमान तळावर घेऊन आले. उजवा खांदा, हा तपशील वाचताना सुटतो. लढाऊ विमानात विमान वळवायची दांडी उजव्या हातात असते आणि इंजिनाचा जोर कमीजास्त करणारे थ्रॉटल डाव्या. उजवा हात निकामी झाला की डाव्याने दांडी धरायची. मग थ्रॉटल सुटते. सरळ उड्डाणात हे निभते, कारण ट्रिम, म्हणजे विमानाचा तोल धरून ठेवणारी जुळणी, नीट लावला की विमान थोडा वेळ आपले आपण जाते. उतरताना मात्र दोन्ही हातांना एकाच वेळी काम असते. धावपट्टीवर टेकण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात वेग कमी करत नाक सावरायचे, हे एका धड हाताने करणे काय असते ते वैमानिकाला सांगावे लागत नाही.

१९७१ मध्ये ते २६ व्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ उडवत होते. हे विमान दणकट, पण एका इंजिनाचे आणि इंधन भसाभसा पिणारे. ३० मिलिमीटरच्या दोन तोफा, प्रत्येकीत अवघ्या ७० गोळ्या. अशा विमानाचे काम म्हणजे जमिनीवरच्या फौजेवर सूर मारणे, म्हणजेच विमानवेधी तोफांच्या पुढ्यात स्वतःहून जाणे. १० डिसेंबरला पाकिस्तानातल्या झफरवाल भागात त्यांचे विमान पडले आणि ते युद्धकैदी झाले. विमान पडलेच तर पळून येईन, असे ते स्क्वाड्रनमध्ये आधीच सांगून बसले होते.

रावळपिंडीच्या छावणीत हवाई दलाचे डझनभर अधिकारी होते. वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटच्या झटक्याने मणक्यांना इजा होते, तशी ती त्यांतल्या काहींना झालेली होती. म्हणजे डोंगरात रात्रभर चालू शकतील असे थोडेच. शेवटी निघाले तिघे: परुळकर, मल्विंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी.

आता भिंत. पाच नंबरच्या कोठडीची मागची भिंत सुमारे १८ इंच जाड, आणि भोक ठरले २१ बाय १५ इंचांचे. आडव्या माणसाचे खांदे तिरके करून निघतील इतकेच. त्याहून मोठे पाडायचे तर काम वाढते, आवाज वाढतो, दडवायचा माल वाढतो. नऊ इंची विटेचा हिशेब धरा: पंचेचाळीस-पन्नास विटा आणि त्यांच्यामधला मसाला, मिळून पावणेदोनशे किलोच्या घरात. एवढा माल कोठडीबाहेर नेता येत नाही, म्हणजे तो आतच, खाटांच्या आडोशाला जिरवायचा. वीट फोडायची नसते, तिच्या भोवतीचा सांधा खरवडायचा असतो; पहिली वीट सुटेपर्यंत जीव जातो, मग शेजारची हलू लागते. बाहेरचा गिलावा मात्र शेवटच्या क्षणापर्यंत शाबूत ठेवावा लागतो, नाहीतर सकाळी रस्त्यावरूनच भगदाड दिसायचे. तो गिलावाच अंदाजापेक्षा चिवट निघाला आणि आधीचे प्रयत्न त्यावर अडले. १२ ऑगस्ट १९७२ च्या रात्री वादळ आले आणि आवाज झाकला गेला. दिवसही साधला होता: दुसऱ्या दिवशी रविवार, त्यानंतर पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन.

सामानाची जमवाजमव तितकीच चोख. होकायंत्रासाठी शिवणाची सुई: चुंबकावर एकाच दिशेने घासायची (उलटसुलट घासली तर केलेले काम पुसले जाते) आणि मोकळी फिरेल अशी टेकवायची. पाण्यासाठी जी-सूटच्या, म्हणजे वैमानिकाच्या खास पोशाखाच्या, आतल्या रबरी पिशव्या. जोरात वळताना रक्त पायांत उतरू नये म्हणून त्या हवेने फुगतात. हवा धरतात तर पाणीही धरतातच. नकाशा मात्र शालेय अ‍ॅटलासचा.

तिथेच घात झाला. बसने पेशावर, पुढे टांगा, पुन्हा बस, असे करत सकाळी ते अफगाण सरहद्दीजवळच्या लांडी कोतलला पोहोचले. छावणीत तोवर कुणाला पत्ताही नव्हता. नकाशात लांडी कोतलच्या पुढे, सरहद्दीकडे, लांडी खाना नावाचे रेल्वे स्टेशन होते. ते होते हे खरे: जमरूद ते लांडी कोतल रेल्वे नोव्हेंबर १९२५ मध्ये सुरू झाली, एप्रिल १९२६ मध्ये लांडी खान्यापर्यंत वाढली. पण हा शेवटचा तुकडा १५ डिसेंबर १९३२ रोजी बंद झाला. चाळीस वर्षांनी तीन परके तरुण 'लांडी खान्याला कसे जायचे' म्हणून विचारू लागले, तेव्हा तहसीलदाराच्या कारकुनाचे कान टवकारले. पाकिस्तानात अडकलेले बंगाली त्या दिवसांत याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते. हे त्यांतलेच, असे त्याला वाटले आणि तिघे पकडले गेले.

युद्धकैद्यांविषयीच्या जिनिव्हा कराराच्या ९३ व्या कलमानुसार पळताना साधे कपडे घालणे किंवा खोटी कागदपत्रे वापरणे हा शिस्तभंगच धरतात, आणि ९० व्या कलमानुसार त्याला शिक्षा जास्तीत जास्त ३० दिवसांची. पण आदिवासी मुलखात बंदूक रोखून उभ्या असलेल्या माणसाला कलम ऐकवता येत नाही. परुळकरांनी आपण पाकिस्तानी हवाई दलाचे लोक असल्याचे सांगितले आणि एका अधिकाऱ्याला फोन लावायचा आग्रह धरला: स्क्वाड्रन लीडर उस्मान. हेच पूर्वी त्यांच्या छावणीचे प्रमुख होते, आणि १९७१ च्या नाताळाला कैद्यांसाठी केक घेऊन आले होते. उस्माननी आवाज ओळखला आणि या लोकांना धक्का लावू नका, असे बजावले. तिघे जिवंत राहिले ते या फोनामुळे. या अधिकाऱ्याचे नाव आपल्याकडच्या लेखांत दोन ओळींपुरतेही येत नाही, हे मला खटकते.

किंमत मागे राहिलेल्यांनीही मोजली. सगळ्यांना लायलपूरच्या तुरुंगात हलवले. १ डिसेंबर १९७२ रोजी सारे वाघा ओलांडून परतले. परुळकर पुढे वैमानिक घडवणारे प्रशिक्षक झाले, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही (एनडीए) शिकवले. विशिष्ट सेवा पदक मिळाले ते याच पलायनाच्या नेतृत्वासाठी.

एक विनंती. पुढच्या वेळी या घटनेसोबत नकाशा छापलात, तर लांडी कोतलच्या पुढचा रूळ तुटक रेषेने दाखवा.

– आपला एक वाचक, पुणे