पाऊणकी, भरती आणि सायली

प्रिय विन्या,

तुझा फोन आला तेव्हा मी जेटीवर होतो आणि तिथे रेंजची बोंब. अर्धंच ऐकू आलं. पण "या वयात वेबसाइट कसली काढतोस रे?" एवढं नीट ऐकू आलं, म्हणून सविस्तर लिहितो.

काम वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. नोटपॅड उघडायचं, मजकुरात एचटीएमएलच्या, म्हणजे पान कसं दिसावं ते ब्राउझरला सांगणाऱ्या, खुणा घालायच्या आणि फाइल ब्राउझरमध्ये बघायची. टिम बर्नर्स-लीने सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत हे जाळं विणायला घेतलं ते शास्त्रज्ञांना आपली माहिती एकमेकांना दाखवता यावी म्हणून. १९९१ सालची त्याची पहिली साइट म्हणजे नुसता मजकूर आणि लिंका. मलाही तेवढंच हवं होतं. तयार साच्यात मजकूर ओतून देणाऱ्या सोयी आहेत, पण त्यात आपण शिकणार काय, कपाळ?

फाइलच्या वरच्या बाजूला 'यूटीएफ-८' (अक्षरं बाइटांत मांडायची एक पद्धत) एवढं लिहावं लागतं, नाहीतर देवनागरीचा काला होण्याची भीती. शेजारची सायली सातवीत आहे. तिला सांगितलं की आपल्या एकेका चिन्हाला यात ३ बाइट लागतात, तर म्हणाली, मग 'क्षा'ला? आणि स्वतःच क, हलन्त, ष, काना असे सुटे करून १२ म्हणून मोकळी झाली.

तर साइट आहे भरती-ओहोटीची. आजोबांचा हिशेब तुला आठवत असेल : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ, घड्याळ कुणाला हवं होतं? जावास्क्रिप्टच्या चार ओळींत मी त्याचा तक्ता केला. सायलीने वरून खाली बोट फिरवलं आणि शेवटाला थांबली. "काका, पुनवेक सव्वाअकरा आनि दुसऱ्या दिसाक पाऊण? रोज पाऊण तास वाडता, मगे हयसर दीड तास कसो?"

इतकी वर्षं हा हिशेब ऐकतोय आपण. कुणाच्या डोक्यात आलं होतं हे?

मी एवढंच विचारलं की अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तिथ्या किती. तीस. तेवढ्यात चंद्र सूर्याच्या मागे पडत पडत पुरते २४ तास मागे पडतो. तिने भागाकार केला : तिथीला ४८ मिनिटं. पाऊणकी धरते ४५. तीन-तीन मिनिटांची तूट पंधरा तिथींत ४५ मिनिटांची होते आणि प्रतिपदेला एकदम भरून निघते! आजोबांचा हिशेब चुकीचा नव्हेच, बरं का. होडीत बसल्या बसल्या चार-पंचमांश कोण करणार? शिवाय खाडीच्या तोंडाशी वेळ थोडी इकडेतिकडे होतेच. पण "जुन्यांचं शास्त्र आहे, गप ऐक" म्हणून पोरांना उडवून लावणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. जुन्यांनी तरी बघूनच काढलं ना ते?

मग सायली आणि तिच्याबरोबरची पोरं, ही सगळी टोळी जेटीवर. पायऱ्यांवर कावेच्या खुणा करून तासातासाला पाणी मोजायचं. ओहोटीच्या तळापासून पहिल्या तासाला पाणी जेमतेम चढलं, तिसऱ्या-चौथ्याला भराभर, शेवटी पुन्हा सुस्त. दर्यावर्दी लोकांचा ठोकताळा हाच आहे : सहा तासांची चढण बारा भागांत धरली तर एक, दोन, तीन, तीन, दोन, एक. तो मी त्यांना आधी सांगितला नव्हता. त्यांचे आकडे काही इतके साफ आले नाहीत. मधेच एक मचवा लागला आणि त्याच्या लाटांनी अर्धी काव धुतली. साइटवर आले तसेच टाकलेत.

सायलीचा धाकटा भाऊ वेगळ्याच गोष्टीवर अडलाय. चंद्र एक, मग दिवसाला भरत्या दोन कशा? सांगितलं की चंद्राकडचं पाणी पृथ्वीपेक्षा जास्त ओढलं जातं आणि पलीकडचं कमी, म्हणून ते मागे राहून तिथेही फुगतं. त्याला पटलेलं नाही. नारळ, ओला फडका, सगळं करून झालं. रोज येऊन वाद घालतो, बायको चहा देऊन देऊन कंटाळलीय.

आता तुझं काम. रोजची तिथी मी पंचांगात बघून हाताने भरतो. तारखेवरून तिथी काढायचं एखादं सुटसुटीत गणित तुझ्याकडे असेल तर पाठव, पण रीत मांडून पाठव. नुसतं उत्तर आलं तर सायली मला सोडायची नाही. आणि वहिनींना सांग, कोकम आगळ भरून ठेवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर धाडतो.

तुझा,
दत्ता