खेचून पाहिलेला बोल्ट

नागपूर,
दि. 9 डिसेंबर

प्रिय मधुकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. कोळसा खाणीच्या छताला बोल्ट मारून झाल्यावर त्यांची पुन्हा परीक्षा कशाला, असे तू विचारले आहेस. याचे खरे उत्तर मला स्वतःलाच यंदा कळले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू बांधकामातला माणूस, तुझे छत तू घडवतोस. आम्हाला मिळते ते निसर्गाने थरावर थर रचलेले छत, आणि खालचा कोळसा काढून त्याचा आधार आम्हीच काढून घेतो. धनबादच्या संशोधन संस्थेने कोळसा खाणींच्या छतासाठी 100 गुणांची जी पद्धत बसवली, तिच्यात खडकाच्या ताकदीला 15 गुण आहेत, तर थरांच्या जाडीला 30. कारण पातळ थर कितीही कठीण असले तरी एकेक करून सुटत जातात. आमचा बोल्ट म्हणजे छतात खालून भोक पाडून त्यात सिमेंटने पक्की बसवलेली लांब सळई; तिने हे थर पोथीच्या पानांसारखे एकत्र बांधून ठेवायचे असतात.

परीक्षा दिसायला सोपी आहे. बोल्टच्या बाहेर राहिलेल्या टोकावर पोकळ जॅक चढवायचा, हातपंप मारायचा आणि काटा पाहायचा. सिमेंट कॅप्सूलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून भोकात सारलेल्या सिमेंटच्या कांड्यांनी बसवलेल्या, बोल्टने अर्ध्या तासाने 3 टन आणि दोन तासांनी 5 टन ताण सोसला, की वहीत 'उत्तीर्ण' अशी नोंद होते. अशा नोंदींवर मी कित्येक वर्षे विश्वासाने सह्या केल्या.

पावसाळ्यात एका जंक्शनवर, म्हणजे खाणीतले दोन रस्ते मिळतात तिथे, छताचा हातभर जाडीचा थर खाली आला. शिफ्ट बदलण्याची वेळ असल्याने तिथे कोणी नव्हते, हे आमचे नशीब. ढिगाऱ्यातून एक बोल्ट मी ओढून काढला. तोंडाकडच्या वीतभर भागावर सिमेंट घट्ट बसलेले होते आणि त्याच्या वर सळईचे आटे बोटाला स्वच्छ लागत होते, जणू ती आजच भांडारातून आली असावी. कॅप्सूल भोकाच्या तोंडाशीच अडकून फुटले असणार. हाच बोल्ट परीक्षेत उत्तीर्ण झालेला होता, आणि त्यात काटा खोटे बोलला नव्हता. खालून खेचले की ताण आधी तोंडाजवळच्या सिमेंटवर येतो. तेवढा भाग चांगला धरलेला असेल तर 5 टन तो एकटाच पेलतो आणि वरच्या पोकळीचा पत्ता लागत नाही. वरचे थर मात्र मोकळेच राहतात.

म्हणून आता परीक्षेसाठीच्या निराळ्या भोकांत मी बोल्टच्या फक्त वरच्या 30 सेंटिमीटर भागाभोवती सिमेंट भरतो आणि तेवढ्याचीच पकड मोजतो. त्यावरून त्या खडकाचे आणि त्या सिमेंटचे खरे नाते कळते. बाकीच्या बोल्टांसाठी भोकाची खोली, कॅप्सूल किती गेली आणि ती पाण्यात किती वेळ भिजवली, हे बोल्ट मारताना शेजारी उभे राहूनच पाहावे लागते. सपोर्टच्या, म्हणजे बोल्ट मारणाऱ्या कामगारांच्या, टोळीला सुरुवातीला ते आवडले नाही. मग तो उघडा बोल्ट मी त्यांच्या हातात दिला, आणि त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या कामगाराने त्यावरून बोट फिरवून तो मुकाट्याने पुढच्याकडे सरकवला. आता कॅप्सूल अडकले की ते स्वतःच मला हाक मारतात.

तो बोल्ट माझ्या टेबलावर ठेवला आहे. आलास की दाखवीन. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक