बोलावलं तर

8 जून 2025

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. बाबा काही म्हणणार नाहीत, कारण गेला महिनाभर ते माझ्याशी ‘बरं’ आणि ‘आईला देतो’ एवढंच बोलतायत. शिवाय आपल्या घरात जे काही महत्त्वाचं झालं ते पत्रानंच झालं. मी अक्षरं गिरवली तीसुद्धा बाबांच्या पत्त्यावर. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ‘द्वारा 56 एपीओ’. बरीच वर्षं मला वाटायचं की छप्पन एपीओ हे बर्फातलं एक गाव आहे आणि सगळ्यांचे बाबा तिथेच राहतात.

तर बाबा, 9 मेच्या त्या फोनबद्दल.

पाकिस्तानशी गोळीबार चालू होता. टेरिटोरियल आर्मीला, म्हणजे एरवी आपापला नोकरीधंदा करणाऱ्या राखीव फौजेला, बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले, 32 पैकी 14 इन्फंट्री बटालियन बोलावणार, अशी बातमी आली आणि दहाच मिनिटांत तुमचा फोन. ‘एक अर्ज टाइप करून पाठव.’ तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकत होते. आर्मी मेडिकल कोअर, नर्सिंग असिस्टंट, हवालदार, सेवा 24 वर्षं, 2003ला निवृत्त, गरज पडल्यास कुठेही हजर होण्यास तयार. वय 65 हे तुम्ही सगळ्यात शेवटी आणि जरा भरभर सांगितलंत. त्यावर मी म्हणाले, ‘बाबा, तुम्हाला आता कोण बोलावणार? जिना चढताना गुडघा धरता.’

मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही फोन आईकडे दिलात.

मला भीती वाटली होती, हे खरं आहे. त्या रात्री कुणाला वाटली नव्हती? पण भीती वाटली म्हणून माणूस असं बोलत नाही. ते चेष्टेत बोलले होते, आणि चेष्टा चुकीच्या जागी लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोळीबार थांबल्याचं जाहीर झालं, अर्जाचा विषय मिटला, आणि माझं वाक्य तेवढं मागे राहिलं.

मग आठवड्याभरात बातमी वाचली. जम्मू-काश्मीरमध्ये वीजकेंद्रं, पूल, सरकारी इमारती यांच्या राखणीसाठी 4,000 माजी सैनिक स्वयंसेवक घ्यायचं ठरलं. त्यातल्या 435 जणांकडे परवान्याचं स्वतःचं हत्यार आहे. कोविडमध्येही तिथे 2,500 माजी सैनिकांनी प्रशासनाला हात दिला होता म्हणे. म्हणजे ‘कोण बोलावणार’ म्हणून मी ज्यांना निकालात काढलं, त्यांना बोलावणं आलं होतं. एकदा नाही, दोनदा. ते वाचून मला 2021चा एप्रिल आठवला, आणि मग दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

तेव्हा मी घरूनच काम करत होते, म्हणजे तुमच्यापाशीच होते. गेल्या दोन वर्षांत निवृत्त झालेल्या लष्करी वैद्यकीय लोकांना परत बोलावतायत, असं तेव्हाचे संरक्षणदल प्रमुख जनरल रावत यांनी पंतप्रधानांना सांगितल्याची बातमी होती. तुम्ही उठलात, ट्रंकेतून डिस्चार्ज बुक काढलंत, चष्मा पुसलात आणि तारीख बघितलीत. जणू ती पाठ नव्हती. दोन वर्षं कुठे आणि अठरा कुठे. बुक परत ठेवताना तुम्ही ट्रंकेचं झाकण इतकं हळू लावलंत की आतल्या खोलीतल्या आईला कळलंही नाही. मी दारातून पाहिलं होतं. कधी बोलले नाही. त्यानंतर तुम्ही ऑक्सिमीटर खिशात घालून दारोदार फिरायला लागलात, रोज दोनदा, वहीत आकडे लिहून. आम्ही त्याला ‘बाबांचा राउंड’ म्हणून हसायचो. आता वाटतं, तुम्ही स्वतःलाच बोलावून घेतलं होतंत.

लहानपणी ‘फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स’ म्हणजे गाडी असं समजून मी वर्गात सांगितलं होतं की माझे बाबा ड्रायव्हर आहेत. ती गाडी नसून अख्खं युनिट असतं हे मला कारगिलनंतर कळलं. 1999च्या सप्टेंबरात तुम्ही सुट्टीवर आलात, तेव्हा मी चौदाची. गोळीबाराबद्दल विचारलं तर तुम्ही सलाइनबद्दल सांगितलंत. द्रासकडच्या त्या ड्रेसिंग स्टेशनमध्ये रात्री बाटल्या इतक्या गार व्हायच्या की तसंच सलाइन लावलं तर रक्त गेलेला पोरगा आणखी कुडकुडायला लागायचा. म्हणून तुम्ही दोन बाटल्या कोटाच्या आत, पोटाशी धरून बसायचात. एक लावली की दुसरी आत. थंडीनं शिरा आत ओढलेल्या, टॉर्च लावायची नाही, म्हणून बोटानं चाचपून शीर शोधायची. ‘दिसत नाही ती, लागते,’ असं म्हणून तुम्ही माझ्या मनगटावर बोट ठेवून दाखवलं होतंत. त्या लढाईत 527 जण गेले हे मी पुढे पुस्तकात वाचलं. तुमच्या तोंडून आकडा कधी ऐकला नाही, फक्त पोटाशी धरलेल्या बाटल्या.

दोन वर्षांपूर्वी आई न्यूमोनियानं दवाखान्यात होती तेव्हा रात्री नर्सनं तुम्हाला रागावलेलं आठवतं का? लावायची बाटली तुम्ही स्वेटरच्या आत घालून बसला होतात. ‘आजोबा, ती खेळायची वस्तू नाही.’ तुम्ही मुकाट्यानं काढून दिलीत. वर हुद्दाही सांगितला नाहीत.

म्हणून मी आता तुमचं ते वाक्य नीट ऐकते आहे. ‘पुन्हा जाल का?’ असं पेन्शनरला विचारणं फार सोपं असतं. विचारणाऱ्याला माहीत असतं की कुणी नेणार नाही, आणि ‘जाईन’ म्हणणाऱ्याचंही काही जात नाही, असं आम्हाला वाटतं. पण तुम्ही ‘जाईन’ असं कधीच म्हणाला नाहीत. दर वेळी म्हणालात, ‘बोलावलं तर जाईन.’ तुम्हाला लढाई नको आहे. टीव्हीवरचा निवेदक ओरडायला लागला की तुम्ही आवाज बंद करून नुसती खालची पट्टी वाचता. तुम्हाला बोलावणं हवं आहे. कुणीतरी यादी उघडावी, त्यात तुमचं नाव सापडावं, आणि या माणसाला अमुक एक काम येतं असं त्याला वाटावं, एवढंच.

सगळ्यांचं असं नसतं, हेही तुम्हीच दाखवलंत. तुमच्या ओळखीचे तोफखान्यातले काका, बोफोर्स तोफेवरचे, ज्यांच्याशी उजव्या बाजूनं बोलावं लागतं. गेल्या दिवाळीत मी त्यांना विचारलं तर ताबडतोब म्हणाले, ‘नाही बाई. एक कान दिलाय, दुसरा नातवंडांसाठी ठेवलाय.’ त्यात ना लाज ना रुबाब. मला ते फार आवडलं. आणि ते सिग्नलवाले काका, रिटायर झाल्याबरोबर डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणांची राखण करणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये गेलेले. पुन्हा वर्दी, पुन्हा गेटवर रात्रपाळी. ते म्हणाले, ‘घरी माझं कोण ऐकतंय? तिथे निदान थांब म्हटलं की गाडी थांबते.’ काकू शेजारीच बसल्या होत्या, त्या अजिबात हसल्या नाहीत. तिघांनीही सारखीच वर्षं घातली. तेव्हा पुन्हा जायला तयार असलेला तो खरा सैनिक आणि नको म्हणणारा कच्चा, असलं जे हल्ली मोबाइलवर फिरतं ना, ते पुढे पाठवणाऱ्यानं आधी बोफोर्सशेजारी एक दिवस उभं राहून यावं.

दादाचा मुलगा अग्निवीर आहे, त्याची चार वर्षं पुढच्या वर्षअखेरीला भरतील. चारांतला एक ठेवणार. परत जायचं का, हा प्रश्न त्याला पंचविशीच्या आतच पडणार आहे, आणि उत्तर त्याच्या हातात नाही. तो फोन करतो तेव्हा ‘पुढचं पुढे’ म्हणतो. त्याच्याशी तुम्हीच बोला. मला जमत नाही.

आता आई. तुला मी परवा मुद्दाम बाबा बाहेर गेल्यावर फोन केला आणि विचारलं, की यांना खरंच बोलावलं असतं तर? तू म्हणालीस, ‘ट्रंक मी भरणार नाही. या वेळी ज्याची त्यानं भरायची.’ मग बराच वेळ तू ‘ऑपरेशन पराक्रम’च्या वर्षाबद्दल बोललीस. 2001च्या डिसेंबरात फौज सीमेवर गेली ती पुढच्या ऑक्टोबरात मागे घ्यायला लागले. लढाई झालीच नाही. त्यामुळे त्या वर्षाचं कुणी काही सांगतही नाही, असं तू म्हणालीस. गोष्ट नाही, पण मी दहावीनंतर कुठे जायचं ते तू एकटीनं ठरवलंस, आजीचं सगळं तू एकटीनं केलंस. ‘मला विचारलं तर मी नाही म्हणेन,’ असं तू स्पष्ट सांगितलंस, आणि फोन ठेवता ठेवता म्हणालीस, ‘पण गेलेच तर चष्मे दोन न्यायला सांग.’ मी यावर काही लिहीत नाही. बाबा, तुम्ही वाचा फक्त.

माफी मागायची आहे, ती मागते. चुकलं माझं. अर्ज तेव्हाच टाइप करून पाठवायला हवा होता. कुठे पाठवायचा आणि त्याचं काय व्हायचं, ते तुमचं तुम्ही बघितलं असतंत.

आता एक काम. 7 मेच्या मॉक ड्रिलला आमच्या ऑफिसात सायरन वाजला, सगळे जिन्यानं उतरले आणि अकाउंट्समधली एक मुलगी शेवटच्या पायरीवर पडली. मनगट वाकडं झालेलं सगळ्यांना दिसत होतं. आम्ही बावीसजण भोवती उभे. कुणी पाणी आणलं, कुणी व्हिडिओ काढला, एकानं तर हात ओढून सरळ करायला घेतला. मी त्याचा हात धरला. पुढे काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं, तुमची मुलगी असून. शेवटी रिक्षात घालून नेली, हात तसाच लोंबत.

साहेबांना मी सांगितलं की प्रथमोपचार शिकवणारा माणूस माझ्या ओळखीत आहे. त्यांनी शनिवार, 14 जून, सकाळी 10 ते 1 अशी वेळ दिली आहे. तुमचं मन राखायला काढलेली युक्ती नाही ही. त्या मुलीचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे, येऊन बघा. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय, खालचा बर्थ आहे. याला मूव्हमेंट ऑर्डर समजा. ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तिकोनी बँडेज किती आणू ते कळवा, आणि हाताला आधाराला बांधायच्या पट्ट्या लाकडी चालतील का तेही. फोनवर ‘बरं’ म्हणून भागणार नाही, आकडा सांगावा लागेल. आई, तूही ये. ट्रंक भरू नकोस.

तुमची,
धाकटी