रविवारची श्रवणबैठक : होर्टुस म्युझिकुस

सभासदहो,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी एस्टोनियाच्या होर्टुस म्युझिकुसची ध्वनिमुद्रणं ऐकायची आहेत. आंद्रेस मुस्तोनेन यांनी टालिनमध्ये १९७२ साली, सोव्हिएत काळात, हा संच उभा केला. नावाचा अर्थ ‘संगीताची बाग’. मध्ययुगीन आणि रेनेसाँ काळातलं संगीत ही मंडळी त्या काळच्या वाद्यांवर वाजवतात. त्यातला शॉम नीट ऐका. आपल्या सनईसारखीच दुहेरी पत्ती, तसाच भरदार, थेट अंगावर येणारा स्वर!

– दहा मिनिटं आधी या. सुरू झाल्यावर दार बंद.
– मोबाइल पूर्ण बंद ठेवा, नुसता सायलेंट नको.
– चहा मध्यंतरात.
– पाहुणा आणणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, खुर्च्या मोजक्याच आहेत.