बादलीतला टॉवेल

स्टुटगार्ट, २४ ऑगस्ट

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर बोलले असते, पण फोनवर आई विषय बदलते आणि बाबा "बरं बरं" म्हणून फोन तिच्याकडे देतात. म्हणून लिहून पाठवते आहे. दोघांनी शेजारी बसून वाचा.

रविवारी बोलता बोलता आई मागच्या खोलीत गेली आणि क्षणभर मला छत दिसलं. पंख्याच्या उजव्या अंगाला परातीएवढा पिवळट डाग, रंगाचे पोपडे लोंबताहेत, पलंग भिंतीकडे सरकवलेला आणि त्याच्या जागी बादली. बादलीत जुना टॉवेल घडी करून ठेवलेला. तो कशाला, ते आधी कळेना. मग आठवलं. दोन आठवड्यांपूर्वी मी विचारलं होतं, "आई, टपटप कसला आवाज येतोय?" तू म्हणालीस, "बाथरूमचा नळ असेल." त्यानंतर तो आवाज कधी आला नाही. आई, मला ऐकू येऊ नये म्हणून तू बादलीत टॉवेल घातलास. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाबा, नाशिकला गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, गंगापूर धरणातून किती सोडलं, हे तुम्ही मला दर पावसाळ्यात न चुकता कळवता. मग आपल्या घरात पाणी आलं, ते का नाही कळवलंत? "तुला तिथे कशाला घोर" हे मला पाठ आहे. पण आता रोज तुमच्याशी बोलताना मी तुमच्या मागचे आवाज ऐकत बसते. तो घोर जास्त आहे.

आधी आज करायचं काम. त्या खोलीतला पंखा आणि दिवा अजिबात लावू नका. स्लॅबमधल्या वायरच्या पाइपातून ओल उतरते. दाराजवळच्या बोर्डात त्या खोलीची एमसीबी बंद करा आणि वर चिकटपट्टी लावा, म्हणजे कामाच्या मावशी चुकून सुरू करणार नाहीत. जिथे रंगाचे पोपडे सुटलेत, तिथे प्लास्टरही सुटलेलं असू शकतं. त्याच्या खाली कोणी झोपायचं नाही, बसायचंही नाही.

आणि बाबा, गच्चीवर जायचं नाही. मामेभावाने सांगितलं मला. मागच्या पावसात तुम्ही छत्री घेऊन वर गेलात, पाइपाच्या तोंडाशी अडकलेला पाला हाताने काढलात आणि टाकीच्या लोखंडी शिडीवरही चढलात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्या गुडघ्याने, शेवाळलेल्या गच्चीवर. मला कळतं तुमचा हात का थांबत नाही ते. पंचवटीतल्या वाड्यात मृगाआधी तुम्ही स्वतः वर चढून कौलं शाकारायचात. मी खालून फुटक्या कौलांच्या जागी नवी द्यायचे. गळलं की वर जायचं, कौल सरकवायचं, गळती थांबायची. स्लॅबचं तसं नसतं हो. पाणी एका ठिकाणी शिरतं, आत कुठून कुठे पसरतं आणि भलतीकडेच टपकतं. डागाच्या बरोबर वर फट सापडेलच असं नाही. पाला काढायला वॉचमनला सांगा, त्याला दर वेळी काहीतरी द्या. मी गुरुवारी पैसे पाठवलेत.

मे महिन्यात तुम्ही पेन्शनमधून १४ हजार देऊन गच्चीला पांढरं केमिकल लावून घेतलंत, तेही मला आत्ता कळलं. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात ते गेलं, यात तुमची काही चूक नाही. भावाने वर जाऊन व्हिडिओ काढून पाठवला, तो मी चार वेळा बघितला. जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा सिमेंटचा थर, जागोजागी पोकळ झालाय, ठोकला की बद्द आवाज येतो. कठड्याच्या बुडाशी असलेली सिमेंटची गोलाई, म्हणजे वाटा, फुटलाय आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात, जिथून पांडवलेणी दिसतात तिथे, भेगेतून पिंपळाचं रोप वर आलंय. त्याच्यावर नुसता रंग मारून पाणी थांबणार नव्हतं. पण तो खर्च तुमचा नव्हताच, हे मला जास्त लागलं.

शेजारच्या बिल्डिंगसारखं आपलं नुसतं अपार्टमेंट नाही, नोंदणी झालेली सोसायटी आहे. आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, स्पष्ट लिहिलंय की गच्चीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची. इतकंच नाही, गच्चीतून पावसाचं पाणी गळून वरच्या मजल्यावरच्या घराचं छत आणि प्लास्टर खराब झालं, तर तेही सोसायटीनेच करून द्यायचं. आपल्या बाथरूमचा नळ गळाला तर खर्च आपला. गच्चीचा नाही. सेक्रेटरीकाका तुम्हाला म्हणाले, "वरचा मजला घेतलात, थोडं सोसावं लागतं." काका वाईट नाहीत, लिफ्ट बंद पडली की बिचारे रात्री अकरालाही खाली उभे असतात. पण हे त्यांचं म्हणणं बरोबर नाही, आणि तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत याचं मला फार वाईट वाटलं.

फंडात पैसे नाहीत, हे मात्र खरं आहे. त्याचं कारणही खरं सांगते. उपविधीप्रमाणे दरवर्षी दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक, किमान ०.२५ टक्के जमा व्हायला हवा, जमिनीची किंमत सोडून. एका घराचा बांधकाम खर्च आठ लाख धरला तरी १६ घरांचे वर्षाला ९६ हजार आणि ३२ हजार होतात. आपण सगळे इतकी वर्षं फक्त झाडलोट, वॉचमन आणि लाइटबिलापुरता मेंटेनन्स देत आलो. गेल्या वर्षीच्या सभेत गच्चीचा विषय निघाला तेव्हा बाहेर राहणाऱ्या पाच मालकांकडून उत्तरच आलं नाही म्हणून तो पुढे ढकलला. त्या पाचांत मी होते, बाबा. सोसायटीचा ग्रुप मी बंद करून ठेवला होता. निरोप तीन आठवड्यांनी वाचला आणि मग उत्तर द्यायचं राहून गेलं. त्या न दिलेल्या उत्तराचं पाणी तुमच्या पलंगावर पडलं. मला माफ करा.

आता मी काय केलंय ते सांगते. चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांना माझ्या नावाने लेखी अर्ज पाठवलाय, सोबत भावाने काढलेले फोटो जोडलेत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिच्या विषयपत्रिकेवर गच्ची, दोन्ही फंड आणि स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, हे तीन विषय घ्या असं लिहिलंय. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं असतं आणि आपलं एकदाही झालेलं नाही. माझा वाटा मी आगाऊ देते, असंही कळवलंय. उरलेल्या चौघांना मी स्वतः फोन करतेय. दोघांनी हो म्हटलं. एकजण दुबईत आहे, त्याचेही आई-वडील नाशिकलाच असतात. त्याला फार सांगावं लागलं नाही.

घर माझ्या नावावर, म्हणून सभेत "तुम्हाला मत नाही" असं बाबांना ऐकवतात, ते संपवू. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यात सदस्याच्या आई-वडिलांना सहयोगी सदस्य, म्हणजे सदस्याच्या वतीने त्याचे हक्क बजावणारा, करून घेता येतं. माझी लेखी शिफारस आणि संमती कुरिअरने निघालीये. ती पोचली की बाबांनी अर्ज भरून पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही.

काम दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण उघडल्यावर. तोवर गच्चीवर ताडपत्री टाकायला भाऊ शनिवारी माणूस घेऊन येईल, तुम्ही खालीच थांबा. पुढे कॉन्ट्रॅक्टर ठरला की एवढंच धरून बसा: जुना कोबा फोडायचा, पिंपळाचं मूळ काढायचं, उतार पाइपाकडे, कठड्याला नवा गोल वाटा. मग गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून ठेवायचं आणि खाली आपल्या छताला हात लावून बघायचं. छत कोरडं असेल तरच शेवटचा हप्ता.

शनिवारी तुमच्या रात्री नऊला फोन करते, माझ्याकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. आई, मागच्या खोलीतूनच बोल. बादलीतला टॉवेल काढून.

तुमची लेक